डिझेल पंप काढणे, उघडणे आणि पुन्हा बसवणे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बागेत फवारणीचा ब्लोअर ओढणारा ट्रॅक्टर, लासलगावला कांदा नेणारी गाडी, मुंबई-आग्रा हायवेवरचा जुना ट्रक आणि विहिरीवरचं इंजिन या सगळ्यांच्या फ्युएल पंपाचे, म्हणजे नोजलला दाबाने डिझेल मोजून देणाऱ्या पंपाचे, आजार बरेचसे सारखे असतात. खाली लिहिलंय ते मुख्यतः इनलाइन पंपाला लागू आहे. रॉटरीचं जिथे वेगळं आहे तिथे तसं सांगितलंय, दोन्ही ओळखायचे कसे तेही पुढे आहे. कॉमन रेलबद्दल शेवटाकडे थोडं आहे.

ट्रॅक्टर ओढत नाही. पंप उघडायचा का?

लगेच नको. टेस्ट बेंचवर, म्हणजे पंप फिरवून तपासायच्या यंत्रावर, येणाऱ्या पंपांपैकी बऱ्याच पंपांत दोष नसतो, दोष पंपाच्या अलीकडे किंवा पलीकडे असतो. पंप उतरवण्याआधी हे क्रमाने बघा.

टाकीच्या झाकणाचं श्वासाचं छिद्र धुळीने बुजलंय का? झाकण सैल करून तासभर काम करा. ओढ परत आली तर खर्च एका टाचणीचा. त्यानंतर टाकीतली जाळी, कॉकपासून फीड पंपापर्यंतचा (टाकीतून डिझेल ओढणारा छोटा पंप) पाइप, बँजो बोल्टचे (पाइप जोडणारा पोकळ बोल्ट) वॉशर. या भागातून डिझेल ओढलं जातं, त्यामुळे गळती बाहेर दिसत नाही. डिझेल टपकण्याऐवजी हवा आत शिरते. मग दोन्ही फिल्टर. मग फीड पंपाचे व्हॉल्व्ह आणि प्रायमरच्या, म्हणजे हाताने डिझेल चढवायच्या बटणाच्या, खालची गाळणी.

एक भाग बहुतेक जण विसरतात : ओव्हरफ्लो व्हॉल्व्ह. पंपाच्या गॅलरीत, म्हणजे आतल्या डिझेलच्या वाटेत, डिझेलचा साधारण १ ते १.५ बार दाब टिकवायचं काम त्याचं. त्याची स्प्रिंग मेली किंवा त्याच्या जागी कुणी साधा पोकळ बोल्ट लावला, तर डिझेल सरळ टाकीत परत जातं आणि प्लंजर, म्हणजे डिझेल दाबणारे दांडे, अर्धवट भरतात. इंजिन रिकामं छान चालतं, रोटाव्हेटर जमिनीत टेकवला की बसतं. या एका व्हॉल्व्हपायी चांगले पंप उघडले जातात.

एअर क्लीनर चोंदलेला असेल तर काळा धूर येतो, तोही पंपाच्या माथी मारला जातो. आणि कॉम्प्रेशन गेलेल्या इंजिनाला नवा पंप लावूनही काही मिळत नाही.

मिसिंग आहे, म्हणजे एखादा सिलिंडर नीट काम करत नाही. नोजल (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारं तोंड) की पंप, घरच्या घरी कसं ओळखायचं?

इंजिन आयडलवर ठेवा आणि एकेका नोजलच्या पाइपाचा नट अर्धा आटा सैल करा. ज्या सिलिंडरचा नट सैल केल्यावर आवाजात फरक पडत नाही, तो सिलिंडर काम करत नाहीये. आता त्याचा नोजल शेजारच्या सिलिंडरला लावा. दोष नोजलबरोबर सरकला तर नोजल खराब. जागेवरच राहिला तर पंपाचा एलिमेंट (प्लंजर आणि तो ज्यात चालतो ती बॅरल यांची जोडी), त्यावरचा डिलिव्हरी व्हॉल्व्ह किंवा कॉम्प्रेशन.

नट सैल करताना हात आणि चेहरा लांब ठेवा, चष्मा घाला. नोजलच्या तोंडातून किंवा चिरलेल्या पाइपातून सुटलेली डिझेलची धार कातडी भेदून आत जाते. जखम टाचणी टोचल्याएवढीच दिसते, सुरुवातीला दुखतही नाही, पण आत डिझेल पसरत जाऊन बोट किंवा हात गमावायची वेळ येऊ शकते. असं झालं तर हळद लावून बसू नका. त्याच तासाला मोठ्या दवाखान्यात जा आणि दाबाखालचं डिझेल आत गेलंय हे डॉक्टरांना स्पष्ट सांगा.

माझ्या इंजिनावर कोणता पंप आहे?

एका ओळीत उभे होल्डर (ज्यांना नोजलचे पाइप जोडतात ते) आणि जितके सिलिंडर तितके डोके असतील तर इनलाइन. गोल डबा आणि एका टोकाला चक्राकार पाइप निघालेले असतील तर रॉटरी. विहिरीवरच्या एका सिलिंडरच्या इंजिनाला स्वतःचा कॅमशाफ्ट नसलेला छोटा पंप असतो, त्याला कॅम इंजिनाचाच लागतो.

इनलाइन पंपाच्या पट्टीवरचा नंबर वाचता आला तर अर्धं काम झालं. समजा सुरुवात ‘पीईएस ४ ए ८५ डी’ अशी आहे. ‘पीई’ म्हणजे स्वतःचा कॅमशाफ्ट असलेला पंप, ‘एस’ म्हणजे पुढच्या फ्लँजवर बसणारा, ४ म्हणजे चार सिलिंडर, ‘ए’ हा पंपाचा आकार आणि ८५ म्हणजे ८.५ मिलिमीटर व्यासाचा प्लंजर. ९५ असेल तर साडेनऊ. पुढचं आर किंवा एल हे अक्षर फिरण्याची दिशा सांगतं. पट्टी रंगवू नका, घासून गुळगुळीत करू नका. पंपाचा टेस्ट प्लॅन, म्हणजे कुठल्या आरपीएमला किती डिझेल द्यायचं याचा तक्ता, याच नंबरावरून काढतात.

सगळे ‘मायको पंप’ म्हणतात, ते काय?

१९५१ साली सुरू झालेल्या मोटर इंडस्ट्रीज कंपनीचं ते आखूड नाव. २००८ मध्ये ती बॉश लिमिटेड झाली, पण नाशिकमध्ये मायको सर्कल अजून मायको सर्कलच आहे आणि इनलाइन पंप अजून मायको पंप. सातपूरच्या कारखान्याची ओळख मात्र नोजल आणि इंजेक्टरची. तिथे जुना पंप दुरुस्त करून मिळत नाही, त्यासाठी कॅलिब्रेशनवाल्याकडेच जावं लागतं.

पंप स्वतः उतरवता येईल का?

येतो. उघडू नका, उतरवा खुशाल. घाई केली नाही तर दोन-अडीच तासांचं काम आहे.

आधी पंप आणि आजूबाजूचा भाग डिझेल आणि ब्रशने धुवा, हवा मारून कोरडा करा. गरम पंपावर थंड पाण्याचा प्रेशर पंप मारू नका. बागेतल्या ट्रॅक्टरवर औषधाची आणि मातीची पुटं चढलेली असतात. त्यातला एक कण जरी उघड्या होल्डरमधून आत गेला तरी नवा एलिमेंट ओरबाडला जातो.

बॅटरीची निगेटिव्ह केबल काढा, कॉक बंद करा. इंजिन हाताने, फिरण्याच्या दिशेनेच, फिरवत एक नंबरच्या सिलिंडरला कॉम्प्रेशनवर आणा आणि फ्लायव्हीलवरची इंजेक्शनची खूण पॉइंटरसमोर घ्या. कॉम्प्रेशन आहे की एक्झॉस्ट, हे टॅपेट कव्हर उघडून बघा. एक नंबरचे दोन्ही रॉकर सैल हलत असतील तर कॉम्प्रेशन. आता पंपाच्या फ्लँजवरची आणि इंजिनाच्या प्लेटवरची रेघ जुळते का बघा. नसेल तर दोन्हींवर मिळून छिन्नीने बारीक रेघ मारा. जुन्या दोन रेघा सापडल्या तर आधीच कुणीतरी टायमिंग, म्हणजे डिझेल द्यायची वेळ, हलवलंय. तसं असेल तर रेघेवर भरवसा न ठेवता बसवताना टायमिंग मोजूनच घ्यायचं.

पाइप काढताना दोन पाने लागतात. एकाने पाइपाचा नट सोडवायचा, दुसऱ्याने खालचा डिलिव्हरी होल्डर धरून ठेवायचा. होल्डर पाइपाबरोबर फिरला की आतलं गॅस्केट गेलंच. प्रत्येक पाइपाला नंबराची चिठ्ठी बांधा, पाइप वाकवू नका, त्यांचे क्लॅम्प जपून ठेवा. क्लॅम्प न लावलेला पाइप कंपनाने काही महिन्यांत चिरतो. उघड्या प्रत्येक तोंडाला प्लास्टिकची टोपी घाला. कापसाचं वेस्ट कोंबू नका, त्याचे धागे आत राहतात.

मग ॲक्सिलरेटर आणि स्टॉपची लिंक, ऑइलचा पाइप असेल तर तो, आणि टायमिंग केसवरचं छोटं झाकण. गिअरचा नट काढा आणि गिअर पुलरने ढिला करा. शाफ्टच्या तोंडावर हातोडा मारू नका. आतल्या टेपर बेअरिंगवर त्याचा डाग उमटतो. वुडरफ की (गिअर शाफ्टवर अडकवणारी अर्धगोल चकती) टायमिंग केसमध्ये पडली तर ती सापडेपर्यंत इंजिन फिरवू नका. शेवटी फ्लँजचे नट काढा, पंपाला खालून आधार द्या आणि सरळ मागे ओढा.

पंप बाहेर असताना इंजिन फिरवलं तर?

काही इंजिनांत पंपाचा गिअर केसमध्येच लटकत राहतो. तिथे इंजिन फिरवलं की दाता सुटतो आणि केस उघडून खुणा जुळवाव्या लागतात. फ्लायव्हीलवर चिठ्ठी चिकटवा : ‘पंप बाहेर आहे, फिरवू नये’. दुसऱ्या दिवशी ढकलून बाजूला लावताना गिअरमध्ये टाकलेला ट्रॅक्टर हीच चूक करवतो.

पंप उघडल्यावर आत काय बघतात?

पहिलं बघायचं कॅमबॉक्समधलं, म्हणजे पंपाच्या तळातल्या कॅमशाफ्टच्या डब्यातलं, ऑइल. पातळ आणि डिझेलच्या वासाचं असेल तर बॅरलमधून किंवा फीड पंपाच्या स्पिंडलमधून डिझेल खाली येतंय. अशा ऑइलमध्ये कॅम आणि टॅपेटचे रोलर लवकर खाल्ले जातात, मग रोलर पिनवर खुळखुळतो आणि टायमिंग डळमळतं. तपकिरी पाण्याचा थर दिसला तर पुढे काय दिसणार याची कल्पना येते.

मग एलिमेंट. प्लंजर आणि बॅरल ही घासून जमवलेली जोडी असते, दोहोंतली फट साधारण २ ते ४ मायक्रॉन. केसाची जाडी याच्या वीसपट तरी. म्हणून एकाचा प्लंजर दुसऱ्याच्या बॅरलमध्ये कधी घालायचा नाही. प्रत्येक जोडी स्वतःच्या नंबराच्या कप्प्यात, स्वच्छ डिझेलमध्ये बुडवून ठेवायची. घासलेल्या भागाला कोरडं बोट लावू नका, घामाने गंज धरतो.

प्लंजर उजेडाकडे तिरका धरून फिरवा. चांगला प्लंजर आरशासारखा असतो. झिजलेल्यावर वरच्या कडेजवळ आणि तिरक्या खाचेच्या तोंडाशी, म्हणजे बॅरलच्या छिद्रासमोर येणाऱ्या जागी, राखाडी मळकट डाग दिसतो. भिंतीवर ओलं बोट फिरवल्यासारखा, नखाला न लागणारा. तेवढ्या डागातून दाब निसटतो. उभ्या बारीक रेघा म्हणजे माती गेली. काळपट खड्डे म्हणजे पाणी गेलं.

शंका असेल तर डिझेलने ओला केलेला प्लंजर बॅरलमध्ये अर्धाअधिक घाला, बॅरल साधारण ६० अंशांत तिरकी धरा. प्लंजर आपल्याच वजनाने सावकाश, न अडखळता उतरला पाहिजे. प्लंजर थोडा फिरवून तीन-चार वेळा बघा. धाडकन पडला तर झिजलाय, अडला तर वाकलाय किंवा घाण आहे. डिलिव्हरी व्हॉल्व्हची परीक्षा आणखी सोपी : बैठकीचं खालचं तोंड बोटाने बंद करा आणि व्हॉल्व्ह आत दाबून सोडा. तो उसळून वर आला पाहिजे. तसाच बसून राहिला तर हवा निसटतेय.

रॅक (प्लंजर फिरवून डिझेल कमी-जास्त करणारी दात्यांची पट्टी), दात्यांचे सेगमेंट, कॅमशाफ्टचे बेअरिंग, गव्हर्नरचे (आरपीएम सांभाळणारा भाग) फ्लायवेट आणि त्यांच्या पिना हे शेवटी. कॅमशाफ्टचा लांबीतला खेळ ‘ए’ आकाराच्या पंपात मिलिमीटरच्या दोन ते सहा शतांश इतकाच ठेवतात, शिम म्हणजे पातळ चकत्या बदलून.

चारही एलिमेंट बदलायलाच हवेत का?

बदलायचे तर चारही. एक नवा आणि तीन जुने असा पंप फुल लोडला जुळवता येतो, पण स्टार्टिंगच्या कमी आरपीएमला जुने गळतात आणि नवा गळत नाही, मग आयडलला इंजिन थरथरतं. डिलिव्हरी व्हॉल्व्हही जोडीने बदला. रोलर, बेअरिंग आणि फ्लायवेट मात्र बघून ठरवायचे, सरसकट नाही.

एलिमेंट बसवताना सगळ्यात मोठी चूक कोणती?

प्लंजर अर्धा फेरा उलटा बसणं. प्लंजरच्या पायथ्याच्या पंखावर खूण असते, ती मूळ ज्या बाजूला होती त्याच बाजूला हवी. उलटा बसला तर तिरकी खाच भलत्या बाजूला जाते. मग रॅक ‘बंद’वर असतानाही त्या सिलिंडरला पूर्ण डिझेल मिळतं आणि इंजिन बंदच होत नाही, पळत सुटतं.

दुसरी चूक होल्डर आवळण्याची. ‘ए’ आकाराच्या पंपाला साधारण ४ किलोग्रॅम-मीटर पुरतात, नेमका आकडा त्या पंपाच्या पत्रकातून घ्या आणि टॉर्क पानाच वापरा. लांब दांड्याने जीव खाऊन आवळलं की बॅरल पिळवटते आणि प्लंजर धरतो. प्रत्येक होल्डर आवळल्यावर रॅक हलवून बघा. पंप तिरका केला की रॅक आपोआप घसरला पाहिजे. तिसऱ्या होल्डरनंतर जड झाला तर दोष तिसऱ्यातच आहे, ढिला करा, धुवा, गॅस्केट बदला, पुन्हा आवळा. चारही आवळून मग रॅक तपासणाऱ्याला दोष शोधायला सगळं परत उघडावं लागतं.

टेस्ट बेंचशिवाय पंप दुरुस्त होतो का?

जोडला जातो, दुरुस्त होत नाही.

बेंचवर पंप मोटरने फिरवतात. डिझेलऐवजी आयएसओ ४११३ प्रतीचं कॅलिब्रेशन ऑइल, तापमान ४० अंश, ठरावीक लांबीचे पाइप आणि ठरावीक दाबाला उघडणारे टेस्ट नोजल वापरतात. बेंचवर गाडीचे नोजल लावून पंप ‘सेट’ केला असेल तर पुढचे आकडे कशाशीच जुळत नाहीत.

क्रम असा. आधी एक नंबरचा प्रीस्ट्रोक, म्हणजे प्लंजर तळापासून किती वर आल्यावर बॅरलचं छिद्र बंद होतं ते. मग फेजिंग, म्हणजे एकामागून एक सिलिंडरची पाळी किती अंशांनी येते ते : चार सिलिंडरचा पंप दर ९० अंशांना, तीनचा १२० ला, सहाचा ६० ला, आणि चूक अर्ध्या अंशाच्या आत. चारच्या इंजिनाची फायरिंग ऑर्डर बहुधा १-३-४-२. टॅपेटच्या बोल्टने किंवा शिमने हे जमवतात. सगळ्यात वरच्या जागीही प्लंजर डिलिव्हरी व्हॉल्व्हला टेकणार नाही एवढी फट उरली पाहिजे. हे झालं की मग डिझेलचं माप. माप आधी आणि फेजिंग नंतर केलं, तर माप पुन्हा बिघडतं.

माप काचेच्या नळ्यांत पडतं. समजा फुल लोडच्या आरपीएमला चार नळ्यांत ४२, ४२, ३९ आणि ४४ सीसी पडलं. तिसऱ्याचा क्लॅम्प स्क्रू ढिला करून त्याची बाही सेगमेंटमध्ये केसभर फिरवायची, चौथ्याची उलट दिशेला, पुन्हा पाडायचं. फुल लोडला साधारण ३ टक्क्यांच्या आत आणतात, आयडलला जास्त सूट असते. त्यानंतर गव्हर्नर : आयडल, फुल लोड, आणि कमाल आरपीएमनंतर डिझेल कुठे कमी व्हायला लागतं आणि कुठे पूर्ण तुटतं. शेवटी स्टार्टिंगचं जादा डिझेल आणि स्टॉप.

काम चालू असताना बेंचसमोर उभं राहायला मिळालं तर नळ्यांकडे बघा. फार काही कळायची गरज नाही, चार नळ्यांची पातळी एका रेघेत आहे का एवढं दिसतं.

ब्लोअर चालवताना इंजिन वर-खाली का होतं?

याला हंटिंग म्हणतात. ऑक्टोबर छाटणीनंतर फवारणी रोज सुरू झाली की ही तक्रार वाढते. पीटीओ, म्हणजे अवजार फिरवणारा ट्रॅक्टरचा मागचा शाफ्ट, ५४० आरपीएमवर स्थिर राहिला नाही तर ब्लोअरचा दाब नाचतो आणि पानाला औषध सारखं बसत नाही.

पहिलं कारण डिझेलमधली हवा, ते आधी काढून टाका. नंतर जड रॅक. मग झिजलेल्या पिना आणि लिंक : लिव्हर हलवल्यावर रॅक हलायच्या आधी जो मोकळा खेळ जाणवतो, तेवढाच गव्हर्नर उशिरा शहाणा होतो. ट्रॅक्टरच्या पंपावर सगळ्या आरपीएमवर पकड ठेवणारा गव्हर्नर असतो, जुन्या ट्रकवर अनेकदा फक्त आयडल आणि कमाल सांभाळणारा. ट्रकचा तसा पंप जुन्या बाजारातून आणून ट्रॅक्टरला लावला तर हंटिंग कधीच जाणार नाही. बाहेरचा आयडल स्क्रू फिरवत बसू नका.

रॉटरी पंप आहे. सकाळी लगेच सुरू होतो, गरम झाल्यावर नाही. का?

हेड आणि त्यात फिरणारा रोटर, म्हणजे दाब तयार करणारी जोडी, झिजलीय. थंड डिझेल थोडं जाड, त्यामुळे सकाळी फट भरून निघते. निफाडच्या थंडीत तर ही गाडी उलट पहिल्या सेल्फला सुरू होईल. गरम डिझेल पातळ होतं आणि सेल्फच्या कमी आरपीएमला सगळा दाब त्या फटीतून परत जातो.

खात्री करायची तर इंजिन बंद असताना पंपाच्या हेडवर गार पाण्यात भिजवलेलं फडकं दहा मिनिटं ठेवा. त्यानंतर सुरू झाली तर निदान पक्कं. चालू पंपावर पाणी ओतू नका. बाहेरचं हेड आकसतं, आतला रोटर गरमच राहतो आणि पंप जागच्या जागी जाम होतो.

हेड-रोटर जोडीनेच बदलतात, दुरुस्ती नाही. रॉटरी पंपाला ऑइलचा डबा नसतो, आतलं सगळं डिझेलवरच वंगण घेतं. म्हणून पाणी आणि रॉकेलची भेसळ इनलाइनपेक्षा त्याला फार लवकर मारते.

इंजिन ऑइलची पातळी आपोआप वाढतेय. चांगलं की वाईट?

वाईट, आणि तातडीचं. डिपस्टिकचा थेंब कागदावर टाका. थेंबाभोवती पातळ ओलसर कडं झपाट्याने पसरलं तर ऑइलमध्ये डिझेल आहे. रॉटरीत शाफ्टचं सील, इनलाइनमध्ये फीड पंपाचा स्पिंडल किंवा झिजलेले बॅरल, आणि डायफ्रामचा लिफ्ट पंप असेल तर फाटलेला डायफ्राम. दोष काढेपर्यंत इंजिन चालवू नका, बेअरिंग जातील.

घाटात ओढ हवी. फुल लोडचा स्क्रू थोडा वाढवून द्याल का?

नाही. त्या स्क्रूवर सील असतं ते याचसाठी. जादा डिझेलला जळायला तेवढी हवा मिळत नाही. राहुड घाटात मागे काळा धूर दिसतो, ते तुमचंच डिझेल. पुढे पिस्टनचं डोकं तापतं, रिंग चिकटतात, लायनर धुऊन निघतं. टर्बोच्या ट्रकला घाटात ओढ नसेल तर पंपावरच्या बूस्टच्या डबीचा डायफ्राम आणि तिच्याकडे जाणारी बारीक नळी बघा. नळी फाटली की टर्बो फिरत असूनही पंप डिझेल वाढवत नाही.

पंप परत बसवताना टायमिंग कसं घ्यायचं?

इंजिन खुणेवर, एक नंबर कॉम्प्रेशनवर. पंपाच्या कॅमबॉक्समध्ये खुणेपर्यंत नवं इंजिन ऑइल भरा. कोरडा बसवलेला पंप पहिल्या तासातच रोलर खातो. की बसवा, गिअरच्या खुणा जुळवा, फ्लँजचे नट हाताने लावा, रेघ रेघेवर आणा.

मग स्पिल टायमिंग, म्हणजे डिझेलची धार थांबण्यावरून वेळ मोजणं. एक नंबरचा होल्डर काढून आतला व्हॉल्व्ह आणि स्प्रिंग स्वच्छ ताटलीत ठेवा, होल्डर परत लावा, त्यावर वाकडी नळी. रॅक फुल लोडच्या जागी ठेवा, स्टार्टिंगच्या जादा डिझेलच्या जागी नाही. काही प्लंजरना त्या जागेसाठी वेगळी खाच असते आणि टायमिंग उशिरा दिसतं. इंजिन खुणेच्या बरंच मागे घ्या आणि प्रायमर मारा, नळीतून धार लागेल. आता इंजिन फिरण्याच्या दिशेने सावकाश आणा. धार बारीक होईल, तुटक थेंब पडतील. १५ ते २० सेकंदांना एक थेंब आला की प्लंजरने छिद्र बंद केलं. थांबा आणि फ्लायव्हीलची खूण वाचा. अंश किती हवेत ते इंजिनाच्या पट्टीवर किंवा मॅन्युअलमध्ये असतं, शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरचा आकडा वापरू नका. खुणेच्या पुढे गेलात तर नुसतं मागे येऊन थांबू नका, गिअरमधली ढिलाई चुकवायला पुष्कळ मागे जाऊन पुन्हा पुढे या.

टायमिंग लवकर करायचं तर पंपाचं अंग शाफ्टच्या फिरण्याच्या उलट दिशेला फिरवा, उशिरा करायचं तर त्याच दिशेला. पंप इंजिनाच्या निम्म्या वेगाने फिरतो, त्यामुळे पंपाचा एक अंश म्हणजे इंजिनाचे दोन. फ्लँजवर केसभर हलवलेलं फ्लायव्हीलवर बोटभर दिसतं. जमल्यावर व्हॉल्व्ह परत बसवा आणि गॅस्केट नवंच घाला.

रॉटरीमध्ये बाजूचं छोटं झाकण उघडून आतल्या प्लेटवरचं अक्षर आणि सर्क्लिपचं टोक जुळवतात. झाकणाचं सील तुमच्यासमोर लावून घ्या.

सगळं बसवलं, तरी सुरू होत नाही, नुसता पांढरा धूर.

एक नंबर एक्झॉस्टवर असताना पंप बसलाय. रॉकर बघा. तसं असेल तर इंजिनाचा एक पूर्ण फेरा चुकलाय. रॉकर बरोबर असतील तर पाइपांची फायरिंग ऑर्डर तपासा.

हवा कशी काढायची?

फिल्टरवरचा स्क्रू सोडा, बुडबुडे थांबेपर्यंत प्रायमर मारा, बंद करा. मग पंपाच्या गॅलरीचा स्क्रू, तसंच. मग नोजलकडचे नट एक आटा सैल करून सेल्फ मारा, प्रत्येकाकडून डिझेल उडालं की आवळा. सेल्फ एका वेळी १५-२० सेकंदांपेक्षा जास्त नको, मध्ये मिनिटभर थांबा. प्रायमरचं बटण आवळायला विसरू नका, तिथूनच पुन्हा हवा धरते.

पहिल्यांदा सुरू करताना इंजिन पळालं तर?

म्हणून सुरू करायच्या आधी एअर क्लीनरचा पाइप काढून ठेवा आणि हाताशी जाड लाकडी फळी ठेवा. आरपीएम चढतच गेलं आणि स्टॉप ओढून थांबलं नाही, तर फळी हवेच्या तोंडावर दाबा. हात किंवा फडकं नाही, ते आत ओढलं जातं. फ्लायव्हीलच्या रेषेत उभं राहू नका. कॉक बंद करून भागत नाही, फिल्टरमधल्या डिझेलवर इंजिन बराच वेळ चालतं.

इतक्या लवकर पंप पुन्हा का गेला?

बहुतेक वेळा पाण्यामुळे. मळ्यात उघड्यावर उभा केलेला ड्रम याला जबाबदार. झाकणावर पाणी साचतं, रात्री ड्रम गार होऊन आत ओढ बसते आणि आट्यातून पाणी शिरतं. ड्रम आडवा आणि छपराखाली ठेवा, तळातलं चार बोटं डिझेल कधी टाकीत घालू नका. ट्रॅक्टरची टाकी संध्याकाळी भरून ठेवा. रिकाम्या जागेतली वाफ रात्री पाणी होते. फिल्टरच्या तळातलं पाणी पावसाळ्यात दर आठवड्याला सोडा. आणि पंप दुरुस्त होऊन आला की टाकी उतरवून धुवा, नाहीतर जुन्या टाकीतला गंज नव्या एलिमेंटकडे निघालेलाच असतो.

बीएस-६ डिझेलने जुना पंप खराब होतो का? टू-टी ऑइल (टू-स्ट्रोक इंजिनाचं ऑइल) घालायचं का?

१ एप्रिल २०२० पासून देशभर मिळणाऱ्या डिझेलमध्ये गंधक दहा लाखांत १० भाग इतकंच असतं. गंधक काढताना डिझेलचा वंगणपणा कमी होतो, तो कंपन्या ॲडिटिव्ह घालून भरून काढतात. चांगल्या पेट्रोल पंपावरचं स्वच्छ डिझेल असेल तर वेगळं ऑइल लागत नाही. जुनी कडक झालेली रबरी सीलं मात्र गळू शकतात, ती बदला. पाण्यावर टू-टी हा इलाज नाही.

कॉमन रेलचा पंप असाच उघडता येतो का?

नाही. तिथे डिझेलचं माप आणि वेळ कॉम्प्युटर आणि इंजेक्टर ठरवतात, पंप फक्त दाब देतो, आणि तो दाब हजार बारच्याही वर जातो. चालू इंजिनाचा नट सैल करून बघायची युक्ती तिथे कधीही करू नका. ५० एचपीच्या वरच्या नव्या ट्रॅक्टरना जानेवारी २०२३ पासून ट्रेम-४ हे धुराचे नियम लागू झाल्यावर ही यंत्रणा मळ्यातही आली आहे. नंबर बघूनच पाना हातात घ्या.

पंप परत घेताना दुकानात काय मागायचं?

जुने एलिमेंट आणि व्हॉल्व्ह परत मागा. टेस्ट प्लॅनचे आकडे आणि प्रत्यक्ष आलेले आकडे एका कागदावर लिहून घ्या, चारही सिलिंडरचे. फुल लोडच्या स्क्रूवर आणि गव्हर्नरच्या झाकणावर सील आहे का बघा. नोजलही त्याच वेळी तपासून घ्या. सगळ्या तोंडांना टोप्या असल्याशिवाय पंप गाडीत ठेवू नका. नाशिकच्या द्वारका चौकापासून पिंपळगावपर्यंतच्या रस्त्यावर टेम्पोच्या फळ्यावर लोळत आलेला उघडा पंप पुन्हा बेंचवर घ्यावा लागतो.